लंडनच्या बर्फाने भारताला स्वातंत्र्य दिले का?

१/८
२० फेब्रुवारी १९४७. पंतप्रधान क्लेमेंट ॲटली यांनी ब्रिटिश संसदेत जाहीर केले की, जून १९४८ पर्यंत भारतातील सत्ता भारतीयांच्या हाती सोपवली जाईल. त्या दिवशी लंडन बर्फाने आणि वीजटंचाईने हैराण होते. यावरून एक विधान हमखास केले जाते: थंडीने साम्राज्य बुडवले. मला ते मान्य नाही. का, ते या धाग्यात.

२/८
आधी तो हिवाळा. २२ जानेवारी ते १७ मार्च या काळात ब्रिटनमध्ये रोज कुठे ना कुठे बर्फ पडत होता. लंडनच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी या काळात सूर्यप्रकाशाची नोंदच झाली नाही.

३/८
घरातील शेकोटी, वीज, गॅस, रेल्वे. शहराचे सारे जगणे कोळशावर. खाणीतून निघालेला कोळसा बर्फात अडकलेल्या वाघिणींत पडून राहिला. ७ फेब्रुवारीला इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी वीजकपात जाहीर केली. घरांची वीज दिवसातून पाच तास बंद. कचेऱ्यांत मेणबत्त्या. कारखाने थांबले आणि वीस लाखांवर कामगार काही काळ बेकार झाले.

४/८
मात्र कोळशाचा साठा हिवाळ्याआधीच अपुरा होता. खाणींची यंत्रे जुनाट, कामगार कमी. युद्धकाळातही रेशनवर न आलेला पाव जुलै १९४६ मध्येच रेशनवर आला होता. घर आतून पोखरलेले होते. बर्फाच्या भाराने ते सर्वांना दिसले.

५/८
त्या आठवड्याच्या तारखा मोह पाडतात. १८ फेब्रुवारी: पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेण्याची घोषणा. २०: भारत. २१: ग्रीस व तुर्कस्तानला यापुढे मदत करणे शक्य नाही, असा अमेरिकेला निरोप. गारठलेले सरकार एकेक ओझे टाकत चालले आहे, असे चित्र सहज उभे राहते. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी मीही निबंधात हेच लिहिले होते. सरांनी समासात एवढेच विचारले: "निर्णय कधी झाला?"

६/८
त्या प्रश्नाने माझा निबंध कोसळला. माउंटबॅटन यांना व्हाइसरॉयपद देऊ केले गेले ते डिसेंबर १९४६ मध्ये, बर्फ पडण्याच्या महिनाभर आधी. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबरला भरली होती. हंगामी सरकार २ सप्टेंबरपासून काम करत होते. आणि त्याही आधी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईत 'तलवार'वरील नौसैनिकांनी बंड पुकारले होते. त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणी कामगार रस्त्यावर उतरले होते.

७/८
थंडीचा वाटा शून्य होता, असे माझे म्हणणे नाही. उत्पादन थांबले, निर्यात घटली, आधीच रोडावलेली तिजोरी आणखी आटली. साम्राज्य सांभाळणे परवडत नाही, ही जाणीव तिने तीव्र केली. पण जाणीव तीव्र करणे वेगळे आणि निर्णय घडवणे वेगळे.

८/८
दोन घटना दिनदर्शिकेत शेजारी असल्या, म्हणून त्यांच्यात कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. इथे तर त्या चुकीची किंमत फार मोठी आहे: सारे श्रेय बर्फाला दिले, की ज्यांनी तुरुंग भोगले आणि गोळ्या झेलल्या, ती माणसे स्वतःच्याच इतिहासात बघ्यांच्या गर्दीत जाऊन उभी राहतात. मतभेद असल्यास तारखांसह अवश्य मांडावेत.