अनुभव विकत घेणे आहे!

परवा मावशीकडे गेलो होतो. मावसबहीण सायकॉलॉजीत एम.ए. करतेय, पहिल्या वर्षाला आहे. चहा घेताना सहज विचारलं, "काय गं, इंटर्नशिप मिळाली का?"

"मिळाली ना दादा. साडेचार हजार भरले."

भरले??? मला वाटलं मिळाले म्हणायचंय. नाही, भरलेच.

साडेचार हजारात काय, तर पंधरा दिवस झूमवर रोज तासभर लेक्चर, शेवटी रंगीत सर्टिफिकेट. वर यांच्या इन्स्टाग्रामसाठी 'डिप्रेशनची ५ लक्षणे' छाप पोस्टी हिनेच बनवायच्या. म्हणजे काम पण हिचं आणि पैसे पण हिचेच!

माझं बघा. बी.ई. करून कंपनीत लागलो तेव्हा धड काही येत नव्हतं. तीन महिने ट्रेनिंग, मग बेंचवर बसून फुकटची कॉफी, तरी एक तारखेला पगार जमा. असो.

यात कॉलेजं नामानिराळी कशी राहतात ते मला कळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे एम.ए.च्या पहिल्याच वर्षी चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आलंय. चार क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास. जागा कोणी शोधायची? पोरांनी! हिच्या विभागाने काय दिलं, तर एक छापील पत्र. ते घेऊन ही सहा ठिकाणी फिरली. एका हॉस्पिटलात सांगितलं, आम्ही फक्त क्लिनिकलची मुलं घेतो. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. उद्या मी माझं दुखणं सांगायला गेलो आणि कोपऱ्यात चार पोरं वही घेऊन बसलेली असली तर मलाही चालणार नाही.

पण रुग्णासमोर बसणं म्हणजेच शिकणं थोडंच आहे? चाचण्यांचं स्कोअरिंग आहे, शाळेत मुलांचं निरीक्षण आहे, वृद्धाश्रमात जाऊन नुसतं ऐकणं आहे. रुग्णाची परवानगी घेऊन सीनियरशेजारी गप्प बसता येतं. याला विभागप्रमुखांचे चार फोन लागतात, बाकी काही नाही. ते फोन कोणी करत नाही, म्हणून ही झूमवाली दुकानं चालतात.

तुमच्या घरात कोणी असं क्लिनिकल इंटर्नशिपचे पैसे भरायला निघालं असेल तर आधी एवढंच विचारा: शिकवणाऱ्याचं नाव आरसीआयच्या रजिस्टरमध्ये आहे का? तो स्वतः किती तास सोबत बसणार? उत्तराऐवजी 'अर्ली बर्ड डिस्काउंट' आला तर फोन ठेवून द्या.

बहिणीला म्हटलं, पैसे परत माग, मी मेल लिहून देतो.

"नको रे दादा, सर्टिफिकेट अडकवून ठेवतील. सोमवारी सबमिशन आहे."