पलटण म्हणजे प्लाटून नव्हे

आमच्या चंदगड तालुक्यात 'पोरगा कुठल्या पलटणीत?' हा ओळख काढतानाचा नेहमीचा प्रश्न. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शेजारच्या बेळगावात. इथे पलटण म्हणजे बटालियन, सुमारे 800 माणसं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण इंग्रजी भाषांतरकार उच्चाराच्या साम्याला भुलून 'प्लाटून' लिहितात. प्लाटून म्हणजे जेमतेम 30-35 जवान. एका शब्दात साडेसातशे माणसं गायब!

उलट दिशेने येताना मराठीचा लाडका शब्द 'तुकडी'. सेक्शनही तुकडी आणि बटालियनही तुकडीच. मग चौकी 10 जणांनी राखली की शंभरांनी, हे वाचकाला कळायचं कसं? त्या आकड्यातच तर शौर्य असतं.

अचूक शब्दांनी वाचक बिचकतो, ही सबब मला मान्य नाही. सभासद बखरीत नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चोख उतरंड आहे. नाईक आणि हवालदार तर आजही फौजेत आहेत.

बोस्नियन भाषेत 'वोद' म्हणजे प्लाटून, 'चेता' म्हणजे कंपनी. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयात कोणाच्या हुकमतीखाली कोण होतं, यावर अधिकाऱ्याची जबाबदारी ठरायची. तिथे 'तुकडी' म्हणून भागलं नसतं.

म्हणून पलटणीला बटालियनच लिहा. कंपनी, प्लाटून, सेक्शन तसेच ठेवा. तुकडी फक्त आकार माहीत नसेल तेव्हा. आणि अडलंच, तर गावातल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराला विचारा. कोशापेक्षा तो लवकर सांगेल.