काळी काच आणि सातवीचं गणित

नवी गाडी घेतली की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या. पेढे, चाकाखाली लिंबू, आणि शोरूममधून निघून थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन काचांना फिल्म. पहिल्या दोनांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तिसरीबद्दल आहे, आणि ती आज सविस्तर करणार आहे.

आमच्या टीममधल्या एकाने गेल्याच महिन्यात हे केलं. (तो हे वाचणार आहे. वाचू दे.) दुकानदार म्हणाला, "साहेब, सत्तर टक्केवाली, एकदम लीगल. पोलिसांनी अडवलं तर हे सर्टिफिकेट दाखवा." आणि दिवसभर एक्सेलमध्ये टक्केवाऱ्या काढणाऱ्या या माणसाने ते निमूट ऐकून पैसे मोजले!

नियम काय आहे? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, क्रमांक १००. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. हा आकडा नुसत्या फिल्मचा नाही, फिल्म लावून झाल्यावर जी काच उरते तिचा. कंपनीची काच मुळातच थोडी हिरवट असते. समजा ती ७५ टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर सत्तरवाली फिल्म चढवली की ०.७५ गुणिले ०.७०, म्हणजे ५२.५ टक्के. बाजूला काठावर पास, पुढे सपशेल नापास. आणि लोक हौसेने जी 'पन्नासवाली' लावतात तिचे होतात ३७.५. म्हणजे बाजूलाही नापास. सातवीचं गणित आहे हो हे! पण दुकानात शिरताना आपण डिग्री बाहेर चपलांशेजारी काढून ठेवतो.

कोर्टाचा इतिहासही सोयीपुरताच सांगितला जातो. अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला निकाल दिला आणि ४ मेपासून काचांवरच्या फिल्म बंद केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं की टक्केवारी कितीही असो, काळी फिल्म चालणार नाही. झेड आणि झेड प्लस सुरक्षेच्या गाड्यांना तेवढी सवलत मिळू शकते. (नगरसेवकाच्या पुतण्याला कुठली झेड असते हे मला अजून कळलेलं नाही.) पुढे नियम १०० बदलला, एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लेझिंग'ला जागा मिळाली, आणि त्यावर बोट ठेवून केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फिल्म चालेल असं म्हटलं. दुकानदारांना हा निकाल तोंडपाठ आहे. फक्त त्यातली ७० आणि ५० ची अट सांगताना त्यांना नेमका खोकला येतो.

"अरे पण ऊन किती असतं!" मान्य. मे महिन्यात पार्किंगमधल्या गाडीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. पण सूर्याकडून जी ऊर्जा येते त्यातली साधारण निम्मी इन्फ्रारेड असते, जी डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे काळेपणा आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्तातली रंगीत फिल्म उष्णता नुसती पिते, काच तापते आणि त्यातली बरीच पुन्हा आत सोडते. चांगली सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक राहून इन्फ्रारेड अडवते. महाग असते, हे खरं. पण मग "महाग आहे" म्हणा, किंवा "मला रुबाब हवाय" म्हणा. उन्हाला कशाला मध्ये घेता?

आता जरा ऑटोमॅटिक काचांबद्दल, कारण इथे पैसेही वाया जातात. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवतात. ते पाणी ओघळून दारात आणि काचेच्या स्विचवर जातं. बरा कारागीर आधी तिथे टॉवेल टाकतो, घाईतला टाकत नाही. मग सूचना मिळते, "चार दिवस काच खाली करू नका." हँडलची काच होती तेव्हा हे सोपं होतं. वन-टच बटणाला चुकून बोट लागलं की काच थेट तळाला, आणि ओली फिल्म रबरात अडकून चुण्या पडून वर. विंडो लॉकचं बटण बाकीची दारं आवरतं, ड्रायव्हरच्या स्वतःच्या काचेला नाही. तिथे सरळ चिकटपट्टी लावावी. गंमत म्हणजे चार दिवस काच बंद राहिली तरी कुणाचंच काही अडत नाही. एसी आहे, टोलला फास्टॅग आहे. काच उघडायची सवयच गेलीय. निदान त्या बंद काचेतून आतला माणूस तरी दिसत होता.

आणि माझं खरं भांडण इथेच आहे. मी अनेक वर्षं पुण्यात टू-व्हीलर चालवतो. इथे इंडिकेटरवर विश्वास ठेवणारा फार दिवस टिकत नाही. नळ स्टॉपला किंवा कोथरूडच्या कुठल्याही चौकात आपण समोरच्या गाडीतल्या माणसाची मान बघतो. मान वळली म्हणजे गाडी वळणार. नजरानजर झाली म्हणजे त्याने आपल्याला पाहिलंय, जावं. रस्ता ओलांडणारी आजी हात वर करते तो बॉनेटला नाही, आतल्या माणसाला. तुम्ही काच काळी करता तेव्हा आम्हा सगळ्यांचा हा सिग्नल बंद करता. वर पावसाळ्यात रात्री आठ वाजता त्याच काचेतून तुम्हाला बाजूचा आरसा बघायचा असतो, त्यात दिवा न लावलेला सायकलवाला असतो. ५० टक्क्यांच्या खाली तो किती दिसतो, एकदा अंधारात स्वतः बाहेर उभं राहून बघा. पैसे फिल्म लावणाऱ्याचे गेले, पण धडक बसली तर हाड सायकलवाल्याचं मोडणार.

गुन्हेगारी कमी होते का वगैरे चर्चा कोर्टाने केली, ती तिथे ठीक. मला त्यात पडायचं नाही. माझी मागणी अगदी किरकोळ आहे. काचेतून किती प्रकाश जातो ते मोजायचं छोटं मीटर मिळतं, काचेला लावलं की आकडा दाखवतं. पोलीस बहुतेकदा डोळ्यांच्या अंदाजाने पावती फाडतात, म्हणून वादही होतात आणि 'सेटलमेंट'ही होते. ते मीटर चौकात असू दे, त्याआधी दुकानात असू दे. फिल्म लावून झाली की चारही काचांवर धरायचं आणि आलेला आकडा बिलावर छापायचा. दुकानदार नाही म्हणाला तर त्या चकचकीत सर्टिफिकेटची किंमत तिथेच कळेल, आणि पैसेही अजून खिशातच असतील.