पुन्हा पहिलीत

परवा आमच्या लिफ्टमध्ये एक फजिती झाली. नवव्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. आठवडाभर घोकलेलं वाक्य म्हणायची हीच संधी, असं वाटून मी खणखणीत आवाजात म्हटलं, "मा इंटिकि रंडि!" तेलुगूत याचा अर्थ 'आमच्या घरी या', आणि तोही चांगला आदरार्थी. पण कोपऱ्यात पार्सल घेऊन उभा असलेला मुलगा असा काही दचकला की विचारू नका! ३१ वर्षं पोरांच्या भाषेवर संस्कार करणारी मी, वयाच्या ७४ व्या वर्षी... असो. मजला येईपर्यंत त्याला अर्थ समजावून सांगितला. आजी मात्र पोट धरून हसत होत्या. नातवाने त्यांना हा घोटाळा आधीच सांगून ठेवला होता म्हणे. हसून झाल्यावर त्यांनी माझा उच्चारही सुधारला!

मी राहते मारुंजीत. मुलाबरोबर इथे राहायला आले तेव्हा गॅलरीतून भाताची खाचरं दिसायची, पावसाळ्यात लावणी चाललेली असायची. आता त्यातल्या बऱ्याच खाचरांतून इमारती उगवल्या आहेत. हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरीला देशभरातून माणसं आली आणि त्यांच्या पाठोपाठ नातवंडं सांभाळायला त्यांचे आईवडीलही आले. संध्याकाळी खाली बाकावर बसलं की तेलुगू, तमिळ, बंगाली, हिंदी, सगळं कानावर पडतं. या आजी विजयवाड्याकडच्या. पाच वर्षं आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. त्यांना मराठी येईना, मला तेलुगू येईना, आणि हिंदी दोघींचंही बेताचंच.

मग या वयात हा तेलुगूचा खटाटोप कशाला? खरं कारण सांगते.

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, स्मृतिभ्रंश झाला होता. आधी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, मग घरचा रस्ता चुकला. शेवटी शेवटी मी भेटायला गेले की ती अगदी अदबीने विचारायची, "बाई, तुम्ही कुठल्या?" ताई गेली. तेव्हापासून चष्मा कुठे ठेवला एवढं जरी आठवलं नाही, तरी छातीत धस्स होतं. माझ्या वयाच्या वाचकांना हे धस्स होणं वेगळं समजावून सांगायला नको.

मग मी चारचौघं करतात तेच केलं. रोज सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. पंधरा मिनिटांत सुटायचं आणि मी खूश! मेंदूचा व्यायाम झाला! एक दिवस नात म्हणाली, "आजी, तुला हे सगळं येतंच. मग यात तू शिकतेस काय?" मी निरुत्तर झाले, कारण वर्गात मीच हे सांगत आले होते. पाठ झालेलाच धडा पुन्हा पुन्हा लिहून काढणारा मुलगा अभ्यास करत नसतो, वेळ काढत असतो.

नातीचं म्हणणं डोक्यात राहिलं आणि मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. अमेरिकेत टेक्सासमधल्या डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६० ते ९० वयाची २२१ माणसं घेतली. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल कॅमेरा आणि संगणकावर फोटो सुधारणं शिकवलं. काहींना गोधड्या शिवायला शिकवलं. (हो, गोधड्याच!) काही जण नुसते एकत्र जमून गप्पा मारत, सहलींना जात. काही घरी बसून कोडी आणि गाणी असले ओळखीचे उद्योग करत. तीन महिन्यांनी नवं आणि अवघड शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली, विशेषतः कॅमेरावाल्यांची. गप्पा आणि कोडी वाल्यांची तशी सुधारली नाही. शब्दकोडं वाईट नाही हो, मी अजूनही सोडवते. पण आता त्याला व्यायाम म्हणत नाही, करमणूक म्हणते.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांची गोष्टही अशीच. तिथे परवाना मिळवायचा तर सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात, आणि त्यात तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट या संशोधिकांनी अशा ७९ उमेदवारांच्या मेंदूची छायाचित्रं शिकण्याआधी आणि नंतर घेतली. ३९ पास झाले. स्मरणाशी संबंधित असलेला मेंदूचा एक भाग या पास झालेल्यांमध्ये वाढलेला आढळला, नापास झालेल्यांत नाही. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ही माणसं काही म्हातारी नव्हती. पण आम्ही शिकलो तेव्हा मोठ्या माणसाचा मेंदू म्हणजे भाजलेलं मडकं, असंच सांगत. ते काही खरं नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आणि मग हैदराबादचा अभ्यास वाचनात आला. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना एकापेक्षा जास्त भाषा येत होत्या त्यांच्यात आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. विशेष म्हणजे कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक होता.

हे कसं होत असेल? मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं. संध्याकाळी हिंजवडीच्या शिवाजी चौकात गाड्या अडकल्या की एकच रस्ता माहीत असलेला माणूस तिथेच अडकतो. आतल्या वाड्यावस्त्यांतून जाणाऱ्या चार वाटा माहीत असलेला रिक्षावाला घरी पोचतो. चौकातली कोंडी दोघांनाही सारखीच. मेंदूत रोज थोडीथोडी पडझड होत असली, तरी ज्याने जन्मभर वाटा पाडून ठेवल्या आहेत, त्याचं काम जास्त दिवस चालतं. अर्थात त्या रुग्णांच्या भाषा आयुष्यभराच्या होत्या. उतारवयात सुरू केलेल्या माझ्या तेलुगूने साडेचार वर्षं मिळतील, असा माझा मुळीच दावा नाही. पण आपल्या इमारतीतच शिक्षिका आहे, फी नाही, आणि दोघींनाही वेळ आहे, मग थांबायचं कशाला?

आता खरी अडचण सांगते. वय झालं म्हणून शिकणं जमत नाही, असं आपण म्हणतो. मला वाटतं वयापेक्षा मान आडवा येतो. विशेषतः आम्हा शिक्षकांचा! आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढलेली. आता आपली चूक कुणी काढलेली कशी खपावी? मोबाइलवरून पैसे पाठवणं मी तीन वर्षं शिकले नाही. 'मला नको असलं काही,' म्हणायचे. खरं तर मुलासमोर चुकायची लाज वाटत होती. ऐकू कमी यायला लागलं तेव्हा कानाचं यंत्रही दोन वर्षं टाळलं. 'लॅन्सेट' आयोगाचा २०२४ चा अहवाल तर सांगतो की कमी ऐकू येणं हेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारं एक कारण आहे. अशी टाळता येण्याजोगी चौदा कारणं त्यात दिली आहेत.

अशा वेळी मला ठाणे जिल्ह्यातल्या, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाच्या आजीबाई आठवतात. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका, गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, हातात पाटी. शिकवणारी गावातलीच तरुण सून, आणि विद्यार्थिनींत तिची सासू! सासूने सुनेपुढे पाटी धरायची आणि 'हे चुकलं, पुन्हा काढा' ऐकून घ्यायचं... खेड्यात राहिलेल्यांना विचारा, यासाठी केवढं मोठं मन लागतं! आम्ही बीए-बीएड माणसं या बाबतीत त्यांच्यापुढे कच्चीच.

एक गोष्ट मात्र आवर्जून लिहिते. ताई आजारी असताना एक परिचित म्हणाल्या, "डोक्याला काही चालना नसेल हो त्यांच्या." ताई सतत वाचायची, भरतकाम करायची, तीन शेजारणींना तिने विणकाम शिकवलं होतं. तरी आजार झालाच. शिकणं हे काही चिलखत नाही. आजारी माणसाला 'तुम्ही मेंदू वापरला नाहीत' असं सुचवणं म्हणजे दुःखावर डागणी देणं आहे. भीती घालवण्याची हमी म्हणून मी शिकत नाही. हातात आहेत ते दिवस जागे जावेत, एवढंच.

आणि ते जातात! तेलुगूची वळणदार अक्षरं काढताना तासभर कसा जातो कळत नाही. आपल्या 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च वेगळा ना? तसे दोन्ही च तेलुगूतही आहेत, हे कळलं तेव्हा तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. उलट त्यांचे मराठीचे प्रश्न मला घाम फोडतात. "पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते. एला?" म्हणजे कसं? ३१ वर्षं मराठी शिकवलं, पण हे असं का, याचं उत्तर मला देता आलं नाही! आता तेही शोधते आहे.

काल आजींनी दहा शब्दांची परीक्षा घेतली. दहापैकी चार. मी नापास केलेल्या मुलांची आठवण झाली. त्यांच्याशी मी जरा जास्तच कडक वागले, असं आता वाटतं.

आज संध्याकाळी आजी चहाला यायच्या आहेत. लिफ्टमधलं निमंत्रण त्यांनी मनावर घेतलंय!