बहुमत असूनही सत्ता गेली : दक्षिण कॅरोलिना, १८७६

"लोकसंख्या आपली जास्त, मग सत्ता का नाही?" आपल्या प्रत्येक बैठकीत हा प्रश्न निघतो. विचारणाऱ्या मित्रांना आम्ही अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाची १८७६ ची गव्हर्नरपदाची निवडणूक अभ्यासायला सांगतो.

त्या राज्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. यादवी युद्धानंतर गुलामी संपली, मताधिकार आला, १८६८ च्या राज्यघटनेने सर्वांसाठी सरकारी शाळा आणल्या, कालचे गुलाम विधिमंडळात बसले. जुन्या मालकांना नेमके हेच सलत होते. त्यांनी रिपब्लिकन गव्हर्नर चेंबरलेनविरुद्ध माजी सेनापती वेड हॅम्प्टनला उभे केले. हॅम्प्टन सभेत काळ्यांच्या हक्कांविषयी गोड बोलायचा, आणि सभेभोवती लाल सदऱ्यांतले बंदूकधारी घोडेस्वार फिरायचे. मार्टिन गॅरीने तर लेखी योजनाच दिली होती : प्रत्येक डेमोक्रॅटने किमान एका काळ्याचे मत धमकावून, विकत घेऊन किंवा त्याला घरी बसवून ताब्यात ठेवायचे. ८ जुलैला हॅम्बर्गमध्ये काळ्या मिलिशियावर हल्ला झाला. पकडलेल्यांपैकी काहींना एकेक करून गोळ्या घातल्या. शिक्षा कुणालाच नाही. एजफील्ड जिल्ह्यात तर मतदारांपेक्षा मते जास्त निघाली!

एवढे करून हॅम्प्टन पुढे किती? जेमतेम अकराशे मतांनी. दोघांनीही शपथ घेतली, काही महिने दोन सरकारे चालली. एप्रिल १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी स्टेट हाउसमधून सैन्य काढले आणि चेंबरलेन गेला. काळ्यांनी जीव धोक्यात घालून ज्या पक्षाला मते दिली, हेज त्याच पक्षाचे!

हॅम्बर्गच्या हत्याकांडातला बेन टिलमन १८९० मध्ये गव्हर्नर झाला. १८९५ च्या घटनेने कर आणि वाचनाची अट लावून उरलेसुरले मतही काढले.

"काळे अडाणी, भ्रष्ट होते, म्हणून पडले," असे पुढे विद्वानांनी लिहिले. ओळखीचे वाटते ना? भ्रष्टाचार होता, आम्ही नाकारत नाही. पण तो संपवायला शेतमजुराला गोळी कशाला घालावी लागते? खरी गोम जमिनीत होती. युद्धानंतर बहुतेक जमीन मालकांकडेच राहिली. रिपब्लिकनांना मत दिले तर काम बंद, अशी धमकी मग सहज देता आली.

जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली ती १८७३ मध्ये. तीनच वर्षांत हे घडले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतला विरोध बजावून सांगितला होता. तेव्हा पुढच्या बैठकीत मतांची बेरीज मांडणाऱ्याला आधी विचारा : तुमच्या गावात जमीन कुणाच्या नावावर आहे, आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी काम कोण देतो?