संप्रेरके : औषध की अमृत?

पॅरिस येथे १८८९ साली ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपली गेलेली शक्ती परत आल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. त्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. होती ती वार्धक्य टाळण्याची माणसाची जुनी आस. ही आस आजही तशीच आहे आणि औषधांच्या बाजाराला तिची पुरेपूर ओळख आहे. उतारवयात संप्रेरके घ्यावीत की नाहीत, या प्रश्नाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन आटते. अंगाची लाही होते, रात्री घाम सुटतो, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. या तक्रारींवर इस्ट्रोजेन गुणकारी आहे, याविषयी वाद नाही. वाद उद्भवला तो औषधाला अमृताचे स्थान दिल्यामुळे. न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी १९६६ मध्ये ‘फेमिनाइन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहून रजोनिवृत्तीला रोगच ठरविले. त्यांच्या कार्यामागे औषध कंपन्यांचा पैसा होता, हे पुढे उघड झाले. एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बळावतो, हे १९७५ मध्ये दिसून आले आणि त्याला प्रोजेस्टेरॉनसारख्या दुसऱ्या संप्रेरकाची जोड देण्यात येऊ लागली.

जुलै २००२ मध्ये लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली या जोड-औषधाची चाचणी मुदतीआधीच थांबविण्यात आली. दरवर्षी दर दहा हजार स्त्रियांमागे स्तनाचा कर्करोग आठ जणींना, पक्षाघात आठ जणींना आणि हृदयविकार सात जणींना अधिक झाला. उलट खुब्याचे अस्थिभंग पाचांनी कमी झाले. जगभर घबराट उडाली व लक्षावधी स्त्रियांनी औषध सोडले. परंतु चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, या गोष्टीकडे त्या गदारोळात फारसे कोणी पाहिले नाही. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास लाभाचे पारडे बहुधा जड राहते, हे पुढील विश्लेषणांतून स्पष्ट झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरील चौकटीतील बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला; एकट्या इस्ट्रोजेनच्या गर्भाशयविषयक धोक्याचा इशारा मात्र कायम ठेवला. आता पुन्हा अमृताची भाषा सुरू होणार नाही, याची दक्षता घेतली पाहिजे.

पुरुषांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे टेस्टोस्टेरॉन एकाएकी आटत नाही. ते वर्षानुवर्षे हळूहळू उतरते. ज्यांच्या रक्तात ते खरोखरच कमी होते आणि ज्यांना हृदयविकाराचा धोका होता, अशा पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हा दिलासा मिळाला. पण हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता आणि फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रकार अधिक आढळले. हाडे बळकट होतील ही अपेक्षाही फोल ठरली. औषध घेणाऱ्यांतच अस्थिभंग अधिक झाले. केवळ थकवा येतो म्हणून हे औषध घेणे शहाणपणाचे नव्हे.

तेव्हा प्रश्न ‘घ्यावे की न घ्यावे’ असा नसून ‘कोणी, केव्हा आणि किती काळ’ असा आहे. या कसोटीवर पाहिले, तर ज्यांना या औषधाची सर्वाधिक गरज असू शकते, त्या स्त्रिया आपल्या बीड जिल्ह्यातच आहेत. राज्यात नेमलेल्या समितीच्या २०१९ मधील पाहणीत ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तिशीतल्या स्त्रियाही होत्या. गर्भाशयासोबत ज्यांची अंडाशयेही गेली, त्यांच्यावर रजोनिवृत्ती वयाने नव्हे, शस्त्रक्रियेने लादली. अशा स्त्रीला अन्य काही अडचण नसेल, तर रजोनिवृत्तीचे नेहमीचे वय येईपर्यंत संप्रेरके द्यावीत, असे वैद्यकशास्त्र सांगते. ती न मिळाल्यास हाडे अकाली ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो; आणि डोक्यावर मोळी वाहणारीचे हाड मोडले, तर घराची चूलच थंडावते.

शस्त्रक्रियांवर नियंत्रण आणण्याची चर्चा पुष्कळ झाली. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊन गेली, त्यांचे पुढे काय, हे विचारले गेले नाही. त्यांची नोंद, हाडांची तपासणी आणि गरजेप्रमाणे औषध सरकारी रुग्णालयात मिळाले पाहिजे. तारुण्य विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी बाजार समर्थ आहे. ज्यांचे तारुण्य कापून नेले, त्यांची जबाबदारी समाजाची आहे.