कारण : घरगुती

शवागाराबाहेरच्या बाकड्यावर हवालदार मांडीवर पॅड ठेवून मरणोत्तर पंचनामा लिहीत असतो. समोर मयताचा भाऊ किंवा दीर. भाड्याची गाडी खोळंबलेली, अंधार पडायच्या आत गाव गाठायचं असतं. कारण विचारलं की ठरलेली उत्तरं येतात : आजारपणाला कंटाळून, दारूच्या नशेत, घरगुती कारणावरून. कुणाविरुद्ध तक्रार नाही, असं लिहून सह्या झाल्या की बॉडी ताब्यात मिळते. दुसऱ्या दिवशी पेपरात हेच शब्द छापून येतात आणि पुढे देशाच्या आकडेवारीतही तेच जातात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. कारणांत पहिला नंबर ‘कौटुंबिक समस्यां’चा, ३१.७ टक्के. या दोन शब्दांत कर्ज मावतं, नवऱ्याचं व्यसन मावतं, मारहाण मावते, सुटलेली नोकरीही मावते. म्हणजे कळत काहीच नाही. हातावर पोट असलेले रोजंदार एकूण मृतांच्या चौथाईहून जास्त आहेत. त्यांच्या घरातली ‘समस्या’ कामाच्या नाक्यावरून घरात आलेली असते, हे त्या रकान्यात कसं दिसणार?

बायकांचं तर विचारूच नका. त्या वर्षी ४८,१७२ स्त्रिया गेल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक ‘गृहिणी’. दिवसभर शेतात राबणारी बाई सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे मेल्यावर पुष्कळदा गृहिणीच होते. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते. आठव्या वर्षी गेली, तर माहेरच्यांनी तक्रार केल्याशिवाय कुणी खोलात जात नाही.

आत टेबलावर डॉक्टरला बरंच काही दिसतं. बऱ्या झालेल्या जुन्या जखमा, दारूने खाल्लेलं यकृत, घरात कुणालाच माहीत नसलेलं गरोदरपण. तो ते इमानाने लिहितो. व्हिसेरा सीलबंद होऊन न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो. पण सगळ्या यंत्रणेला त्याच्याकडून एकच उत्तर हवं असतं : घातपात आहे की नाही? ‘नाही’ म्हटलं की अकस्मात मृत्यूची फाइल मिटते आणि त्या जखमाही तिच्यातच राहतात. जिल्ह्यातले असे हजार अहवाल एकत्र वाचणं हे कुणाचंच काम नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

श्रीलंकेने ते काम केलं. माणसं कोणत्या कीटकनाशकाने दगावतात याची नोंद ठेवली आणि ती जहाल औषधं एकेक करून बाजारातून काढली. १९९५नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. पिकं बुडाली नाहीत.

आपल्याकडे निदान एवढं व्हावं. तेरावं उरकल्यावर खाकी वर्दीतला नव्हे, आरोग्य खात्याचा माणूस मयताच्या घरी जावा, घाई न करता बसावा आणि ऐकलेलं शवविच्छेदनाच्या अहवालाला जोडावं. घरातल्या बायकांशी वेगळं बोलावं. पंचनाम्याच्या वेळी त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्या बाकड्यासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. घरात असा मृत्यू झालेल्या माणसाला स्वतःलाही आत्महत्येचा धोका वाढलेला असतो आणि त्या संध्याकाळी तो तिथेच, त्या बाकड्यावर बसलेला असतो.